पुढच्या हंगामाचं कार्ड

पन्नास हजारांत गेम खेळण्याजोगा कॉम्प्युटर बसवायचा, तर प्रोसेसर कुठला घ्यायचा हा प्रश्न नंतरचा. आधी बघायचं ते घरातल्या थ्री-पिन सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकामागे वायर आहे का. जुन्या घरांत ते भोक बऱ्याचदा नावालाच असतं. कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यात, म्हणजे एसएमपीएसमध्ये, विजेतला खरखराट गाळायला दोन छोटे कपॅसिटर बसवलेले असतात. एक फेजपासून कॅबिनेटच्या पत्र्याला, दुसरा न्यूट्रलपासून पत्र्याला. अर्थिंग असलं की त्यांतून झिरपणारी किरकोळ वीज जमिनीत निघून जाते. नसलं की पत्र्यावर घरच्या दाबाच्या निम्मा, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्टचा दाब नुसता तरंगत राहतो. करंट एवढासाच, पण अनवाणी पायांनी फरशीवर उभं राहून पेनड्राइव्ह लावायला गेलं की बोटांत झिणझिण्या येतात. टेस्टर टेकवला तर त्यातला दिवा मंद पेटतो. मग घरचे म्हणतात, नवा कॉम्प्युटर शॉक मारतो. दुकानदाराला फोन जातो आणि तो सांगतो, चप्पल घालून बसा.

इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग करून घेणं हा खर्च कॉम्प्युटरच्या कुठल्याही यादीत नसतो. माझ्या भाचीच्या यादीतही नव्हता. ती सांगलीला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, घर तासगावला. दाजींचं कृषी सेवा केंद्र आहे, म्हणजे बियाणं, खतं, द्राक्षबागांची औषधं. दिवाळीनंतर त्यांनी लेकीला पन्नास हजारांचा शब्द दिला, मॉनिटरसकट. तिनं व्हॉट्सॲपवर मला यादी पाठवली. वर ‘मामा, बघा बरं’ एवढंच. यादीत सर्वांत महाग चीज ग्राफिक कार्ड, त्याखाली काचेच्या दाराचं, रंगीत दिव्यांच्या पंख्यांचं कॅबिनेट, मग प्रोसेसर, बोर्ड, रॅम. आणि शेवटच्या ओळीत ‘एसएमपीएस – कोणताही’.

पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. तेव्हा नजर त्या ‘कोणताही’वरच अडकणार, हे ओघानंच आलं.

कॅबिनेटबरोबर जवळजवळ फुकटात मिळणारा एसएमपीएस नुसता हातात घेतला तरी कळतो, वजनच नसतं. वर ठळक अक्षरांत ४५० वॉट असं छापलेलं. पण बाजूच्या स्टिकरवर बारीक टाइपात एक तक्ता असतो, तो वाचायचा. त्यात ३.३, ५ आणि १२ व्होल्टचे रकाने आणि प्रत्येकाखाली अँपिअर. आजच्या कॉम्प्युटरात प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड या दोन्ही खादाडांची भूक बारा व्होल्टवरच भागते. तिथे १४ अँपिअर लिहिलेलं असेल तर बारा गुणिले चौदा, १६८ वॉट. उरलेले पावणेतीनशे-तीनशे वॉट कुठे गेले? ज्यांना आता फारसं गिऱ्हाईक उरलेलं नाही अशा व्होल्टेजना गेले, किंवा नुसते स्टिकरवरच आहेत. प्रामाणिक साडेचारशेच्या एसएमपीएसवर बाराच्या खाली ३५-३६ अँपिअर दिसतात. हा गुणाकार मी भाचीला फोनवर करायला लावला. तिनं होस्टेलवरच्या एका मैत्रिणीच्या कॉम्प्युटरची बाजू उघडून, आत मोबाइलचा टॉर्च मारून तक्ता वाचला.

“मामा, पंधरा आहेत. म्हणजे ही चक्क फसवणूक झाली की!”

“फसवणूक कशी? लिहिलंय की सगळं. आपण वाचत नाही.”

चांगला एसएमपीएस मरतो तेव्हा एकटा मरतो. स्वस्तातला जाताना बोर्ड आणि कार्ड सोबत घेऊन जाईल ही धास्ती कायम. आणि आपल्याकडे त्याला मरायला निमित्तं भरपूर. वळवाची पहिली वीज, शेतीपंप एकदम सुरू झाले की बसणारा दाब, ते एकदम बंद झाले की उसळणारा दाब. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या पाठीमागे ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असं एक बटण बहुधा असतंच. ते नॉर्मलवर असलं तर लाइट जाताक्षणी पंखा चालू राहतो, पण कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो, कारण अदलाबदलीला लागणारा क्षण त्याला सोसत नाही. माझ्या बहिणीच्या घरी ते बटण इन्व्हर्टर घेतल्यापासून नॉर्मलवरच होतं. आत धूळ बसून घट्ट झालं होतं.

एसएमपीएसला चार हजार बाजूला काढल्यावर भाचीचा चेहरा पडला. व्हिडिओ कॉलवरही ते कळतं. कारण यादीची बेरीज ठरलेली. इथे वाढवलं की तिथे कापायचं. काच आणि दिवे गेले, त्याचं तिला फार वाईट वाटलं नाही. कार्ड एक पायरी खाली आलं, ते लागलं. मग रॅमचे ताजे भाव विचारले, आणि कार्डच यादीतून गेलं.

रॅमचं सांगायला हवं. कमी पैशांत गेम खेळणाऱ्या पोरांची गंमत अशी, की त्यांच्या बाजारात दर तीन-चार वर्षांनी कुणीतरी भलताच गडगंज माणूस शिरतो आणि भाव चढवून ठेवतो. २०१७-१८ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये ते आभासी चलनाचे खाणकामगार होते. इथेरियमची नाणी ग्राफिक कार्डांवर पाडता येत होती, म्हणून त्यांनी कार्डं गोण्यांनी उचलली. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमनं आपली पद्धतच बदलली, खाणकाम एका रात्रीत संपलं, आणि तीच कार्डं रात्रंदिवस तापून जुन्या बाजारात उतरली. मग २०२५ च्या अखेरीला एआयची डेटा सेंटरं आली. त्यांना मेमरी इतकी हवी आहे, की ती बनवणाऱ्या तीन-चार कंपन्यांना आपल्यासारख्यांना रॅमच्या कांड्या विकण्यात रस उरलेला नाही. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशल’ हा ग्राहकांसाठीचा आपला ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. दिवाळीपूर्वी ज्या रॅमकडे यादीत कुणी ढुंकून पाहत नव्हतं, तिचा भाव काही महिन्यांत दुपटीच्या पुढे गेला. तासगावातल्या मुलीनं वॅलोरंट कसा खेळायचा, हे कुठल्या तरी वाळवंटातल्या डेटा सेंटरच्या ऑर्डरवर ठरतं. याचा राग येण्यात अर्थ नाही, पण यादी करताना ते धरून चालावं लागतं.

“मग थांबू का? भाव उतरेपर्यंत?” भाचीनं विचारलं.

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि थांबलेला माणूस थांबूनच राहतो. भाव उतरतील तेव्हा प्रोसेसरचा नवा सॉकेट आलेला असतो. तो आला की त्याचे बोर्ड महाग. ते उतरेपर्यंत कॉलेज संपतं. मी तिला म्हटलं, थांबायचं ते एका वस्तूपुरतं थांबू, सगळ्या कॉम्प्युटरसाठी नको.

माझं म्हणणं इतकंच आहे. ज्याच्या खिशात पैसे आहेत तो कॉम्प्युटर एकदा विकत घेतो. ज्याच्याकडे कमी आहेत तो चार-पाच वर्षं घेत राहतो. म्हणून त्याच्या यादीत दोन जातीच्या वस्तू असतात: नंतर बदलता येतील अशा, आणि ज्यांच्यामुळे बाकीच्या बदलता येतील अशा. पैसा दुसऱ्या जातीवर घालायचा. तासगाव-विटा रस्त्यानं गेलात तर घराघराच्या स्लॅबवर कॉलमच्या सळया हातभर वर सोडलेल्या दिसतील. काहींनी त्या गंजू नयेत म्हणून वर प्लॅस्टिकच्या बाटल्या उपड्या घातलेल्या. खाली संसार सुरू आहे, वर मजला पुढेमागे चढेल. दाजींच्या घरावरही आहेत. एसएमपीएस, बोर्ड आणि त्यावरचा सॉकेट या कॉम्प्युटरच्या सळया. पाया वरच्या मजल्याच्या हिशोबानं भरायचा, मग आज वर पत्रा असला तरी चालतं.

अर्थात कित्येक घरांवर वीस-वीस वर्षं सळयाच दिसतात, हेही खरं. आणि कंपन्या कधीकधी सळया कापून टाकतात.

२०१७ साल याचं नमुनेदार उदाहरण आहे. त्या जानेवारीत इंटेलचा पेन्टियम जी४५६० आला. अमेरिकेतली किंमत ६४ डॉलर, कोअर दोनच, पण थ्रेड चार. ही चैन तोवर आय३ घेणाऱ्यांचीच होती. जगभरच्या कडक्या पोरांनी तो उचलला. हिशोब सरळ होता: आज पेन्टियम, दोन-तीन वर्षांनी त्याच बोर्डावर मोठा प्रोसेसर. ऑक्टोबरात इंटेलची आठवी पिढी आली, एकदम जास्त कोअर घेऊन. सॉकेटचं नाव तेच, एलजीए ११५१. पण जुन्या बोर्डावर चालेना. ज्यांनी वरचा मजला मनात बांधला होता त्यांना सातव्या पिढीपर्यंतच चढता आलं.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये एएमडीनं एएम४ सॉकेटवर रायझन आणला होता. हेही काही संतमंडळी नव्हेत. २०२० च्या मे महिन्यात त्यांनी सांगून टाकलं, की पुढचे प्रोसेसर फक्त नव्या ५०० मालिकेच्या बोर्डांवर चालतील. कारण दिलं ते खोटं नव्हतं: जुन्या बोर्डांवर बायोसची चिप १६ एमबीची, तीत इतक्या साऱ्या प्रोसेसरांची माहिती मावत नाही. पण लोकांनी इतका गिल्ला केला, की ४०० मालिकेला आत घ्यावं लागलं, आणि २०२२ मध्ये सर्वांत जुन्या ३०० मालिकेलाही. काही जुन्या प्रोसेसरांची माहिती काढून टाकून नव्यांना जागा केली. त्यामुळे २०१७ सालच्या एखाद्या साध्या बोर्डावर, बोर्डवाल्या कंपनीनं बायोस दिलं असेल तर, २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी बसू शकला. पाच वर्षांनी, स्क्रू न बदलता. ग्राहकांच्या आरडाओरड्यानं मोठी कंपनी हलल्याची उदाहरणं फार नाहीत, म्हणून हे मला अजून सांगावंसं वाटतं.

भाचीसाठी काय घ्यायचं, तर एएम४ वरचाच रायझन ५ ५६००जी ठरला. २०२१ चा प्रोसेसर, सहा कोअर, बारा थ्रेड. आणि महत्त्वाचं म्हणजे आत ग्राफिक्स आहे. वेगळं कार्ड न घालता वॅलोरंट चांगला पळतो, जीटीए ५ सेटिंग खाली घेऊन खेळता येतो. इंटेलचा आय३-१२१००एफ स्वस्त आणि मोठा गुणी. पण त्या ‘एफ’चा अर्थच आत ग्राफिक्स नाही असा. कार्ड नसेल तर पडद्यावर काहीच येत नाही. ज्याला कार्ड पुढच्या वर्षी घ्यायचंय त्याच्या तो कामाचा नाही. एएम५ हा नवा सॉकेट आहे, पुढे जास्त वर्षं चालेल, पण त्याला डीडीआर५ रॅम लागते आणि तिच्या भावानं सध्या डोळे पांढरे होतात. माझा सळयांचा सिद्धांत इथे तोकडा पडला हे मी भाचीला आधीच सांगून टाकलं. एएम४ आपल्या आयुष्याच्या शेवटाकडे आहे. त्यावर पुढे प्रोसेसर बदलायला जागा थोडी. पण कार्ड घालायला आहे, आणि गेमला फरक पडतो तो कार्डानं.

आत ग्राफिक्स असलं की रॅमचा एक पेच उभा राहतो, आणि तो मला या सबंध यादीत सर्वांत आवडतो. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. ते रॅममधूनच उचलतं. म्हणून रॅमची एकच कांडी लावली तर एकाच वाटेनं सगळी वर्दळ होते. दोन लावल्या की दोन वाटा मिळतात आणि गेम चांगलाच सुधारतो, तेवढ्याच जीबीत. म्हणजे सोळाची एक घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घ्याव्यात. पण स्वस्तातल्या बोर्डावर रॅमच्या खाचाच दोन असतात. दोन्ही आज भरल्या तर उद्या वाढवायचं कुठे? एक सोळाची घेतली तर उद्याला जागा राहते, पण आज खेळ रखडतो. मी बराच वेळ दोन्ही बाजूंनी बोलत राहिलो. भाची शांतपणे म्हणाली, “मामा, मी आज खेळणार आहे ना?” आठ-आठच्या दोन घेतल्या. चार खाचांच्या बोर्डाला लागणारे जादा पैसे मी मामा म्हणून घातले आणि तो प्रश्न तिथेच मिटवला. तात्त्विक पेच हजार-दीड हजारात सुटत असेल तर सोडवून टाकावा.

कार्ड नंतर घ्यायचं म्हणजे विसरायचं नव्हे. आजच्या प्रोसेसरला उद्या कुठलं कार्ड जुळेल हे आजच बघावं लागतं. ५६००जी मध्ये ग्राफिक्ससाठी जागा केली ती कुठून तरी काढूनच. साध्या ५६०० मध्ये कॅश ३२ एमबी, यात १६. कार्डाशी बोलायची वाटही एक पिढी मागची, पीसीआय एक्स्प्रेस ३. एरवी बिघडत नाही. पण एएमडीचंच आरएक्स ६५०० एक्सटी हे २०२२ चं स्वस्त कार्ड फक्त चार लेनवर चालतं. चौथ्या पिढीच्या वाटेवर ते कसंबसं भागतं, तिसऱ्या पिढीवर गुदमरतं. किंमत बघून दोन्ही स्वस्त म्हणून एकत्र आणावीत आणि त्यांचं एकमेकांशी पटू नये, असं हे जोडपं. स्वस्तात हे नेहमी होतं. एकेकटी वस्तू चांगली असते.

कार्डांचा बाजार तर सापळ्यांनी भरलेला. सर्वांत जुना सापळा ‘चार जीबीचं ग्राफिक कार्ड’. गावोगावच्या दुकानांत पालकांना हेच वाक्य ऐकवलं जातं, कारण जीबी सगळ्यांना कळतं. जीटी ७३० हे २०१४ चं कार्ड, त्यावर चार जीबी डीडीआर३ मेमरी चिकटवलेली मिळते. आणि २०१६ चं जीटीएक्स १०५० टीआय, त्यावरही चार जीबीच, पण जीडीडीआर५. दोघांमधलं अंतर कैक पटींचं. १०५० टीआयचा मोठा गुण असा, की ते ७५ वॉटवर चालतं, तेवढी वीज बोर्डाच्या खाचेतूनच मिळते, वेगळी वायर जोडावी लागत नाही. त्यामुळे ऑफिसांनी काढून टाकलेले, जेमतेम एसएमपीएसचे जुने डबे घेऊन हजारो मुलांनी त्यांत ते खोचलं आणि गेम खेळले. आय५ चौथ्या पिढीचा डबा, त्यात १०५० टीआय: आपल्याकडच्या एका पिढीचं गेमिंग यावर झालंय, आणि हे कुठल्या जाहिरातीत आलेलं नाही.

दुसरा सापळा आरएक्स ५८० चा. हे २०१७ चं दणकट कार्ड, आठ जीबीचं, आजही कामाचं. पण ‘५८० २०४८एसपी’ असं लिहिलेलं दिसलं तर ते ५८० नाही. ५८० मध्ये गणितं करणारे २३०४ घटक असतात, २०४८ असतात ते धाकट्या ५७० मध्ये. चीनच्या बाजारासाठी काढलेलं हे कार्ड अनोळखी नावांच्या खोक्यांतून आपल्याकडे भरपूर येतं, आणि खोक्यावर ती ‘एसपी’ अक्षरं कोपऱ्यात असतात. वाईट नाही, ५७० च्या भावानं मिळालं तर घ्यावं. खाणीत राबलेलं जुनं कार्ड घ्यायलाही माझी हरकत नसते. पंखे गेलेले असतात, थर्मल पेस्ट वाळून पापड झालेली असते, ते बदलता येतं. अट एकच: विकणाऱ्याच्या समोर, त्याच्याच घरी, अर्धा तास गेम चालवून बघायचा.

खरेदीला मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलो. ऑनलाइन भाव कधी इकडे-तिकडे होतात, पण बिघडलेली वस्तू ज्याच्या काउंटरवर नेऊन ठेवता येते असा माणूस मला बरा वाटतो. ग्रँट रोडला पूर्वेच्या बाजूनं उतरलं की पाच-सात मिनिटांत तुम्ही त्या गर्दीत असता. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, तोंडात लॅमिंग्टन. हा लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचा गव्हर्नर होता. पुढे १९४० मध्ये लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगांनी ओड्वायरवर गोळ्या झाडल्या तेव्हा व्यासपीठाशी तोही होता आणि त्याच्या हाताला लागलं. आज त्याच्या नावावर रॅम विकली जाते. माझ्या विद्यार्थिदशेत इथे आम्ही ट्रान्झिस्टर आणि रेझिस्टर सुटे घ्यायला यायचो. आता सुटे म्हणजे प्रोसेसर.

इथली एक रीत नवख्यांना चमत्कारिक वाटते. दुकानदार कोऱ्या चिठ्ठीवर तुमची यादी भराभरा लिहितो, प्रत्येकापुढे आकडा मांडतो, बेरीज करतो, चिठ्ठी तुमच्याकडे वळवून दाखवतो, आणि तुम्ही हात पुढे केलात की परत ओढून घेतो. चिठ्ठी मिळत नाही. मिळाली तर तुम्ही ती शेजारच्याला दाखवणार. म्हणून गिऱ्हाईकं पायऱ्यांवर उभी राहून आकडे पुटपुटत मोबाइलमध्ये टाइप करताना दिसतात. भाची व्हिडिओ कॉलवर होती, मी चिठ्ठीसमोर फोन धरला. दुकानदार हसला. “पोरगी हुशार आहे,” म्हणाला आणि रॅमचा आकडा खोडून दीडशेनं वाढवला. “हा सकाळचा होता.”

मग ठरलेला प्रश्न, बिल हवंय का? पक्क्या बिलात अठरा टक्के जीएसटी. पन्नास हजारांच्या कॉम्प्युटरात सात हजार सहाशे सत्तावीस रुपये करच असतो, म्हणजे जवळजवळ एक बरा मॉनिटर. मोह होतो. पण प्रोसेसरची तीन वर्षांची, एसएमपीएसची पाच वर्षांची वॉरंटी मागायला जाल तेव्हा त्या कागदावाचून कुणी दारात उभं करत नाही. ‘ट्रे’चा प्रोसेसरही दाखवला: खोकं नाही, पंखा नाही, पारदर्शक प्लॅस्टिकच्या खोबणीत नुसती चिप, हजारभर स्वस्त. ती वॉरंटी कंपनीची नसते, दुकानदाराच्या शब्दाची असते. खोक्यातला घेतला.

मॉनिटरबद्दल लोक शेवटी विचार करतात, उरलेल्या पैशांत. खरं तर प्रोसेसर दोनदा बदलेल तरी तो टेबलावर असतो. चोवीस इंची, शंभर हर्ट्झचा घेतला, एवढंच.

बसवायला तासगावला गेलो. अर्थिंगचं काम आदल्या दिवशीच उरकलं होतं. एएम४ प्रोसेसरच्या पोटाखाली १३३१ पिना असतात, सोन्याचा मुलामा दिलेल्या, केसाएवढ्या बारीक. एक वाकली तर संपलं. भाचीनं कोपऱ्यातला छोटा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवला, दांडी वर केली आणि चिप नुसती ठेवली. दाबायचं नसतं; ती आपल्या वजनानं खाली बसते. बसली तेव्हा तिनं सोडलेला श्वास मला ऐकू आला. बोर्डाचे स्क्रू, रॅमच्या खाचा यांना मात्र तिचा जोर कमी पडत होता, कारण मघाची भीती अजून बोटांत होती. पॉवर बटणाच्या चिमुकल्या वायरी लावताना आम्ही दोघंही बोर्डाचं पुस्तक डोळ्यांजवळ नेऊन बसलो. पडदा उजळल्यावर पहिलं काम बायोसमध्ये जाऊन रॅमचा वेग वाढवणं; ३२०० ची म्हणून घेतलेली रॅम सांगितल्याशिवाय त्या वेगानं पळत नाही, आणि अर्धे लोक वर्षानुवर्षं कमी वेगानं खेळत राहतात.

रात्री वॅलोरंट सुरू झाला. दाजी दुकान बंद करून आले, पाठीमागे उभे राहून थोडा वेळ बघत राहिले.

“यात टॅली चालेल ना?”

चालेल, म्हटलं, धावेल. मग त्यांनी आपला विचार सांगितला. सोमवार ते शनिवार पोरगी सांगलीला. तेव्हा हा कॉम्प्युटर दुकानात राहू दे, रविवारी घरी. दुकानातला जुना आता बिलं काढायलाही दम घेतो. भाचीनं हेडफोन काढला. मी भांडणाची वाट पाहत होतो, पण तिनं आधीच हिशोब केलेला दिसला. मार्च-एप्रिलात द्राक्षांचा पैसा येतो, शेतकऱ्यांच्या उधाऱ्या वसूल होतात; तेव्हा कार्ड घ्यायचं, या अटीवर कॉम्प्युटर दुकानाला.

“उधारी आली तर,” दाजी म्हणाले.

“आणि बिल दुकानाच्या नावानं घ्या, पप्पा. जीएसटीची वजावट मिळेल.”

“कृषी सेवा केंद्राला आठ जीबीचं ग्राफिक कार्ड कशाला लागतं, हे सीएला तू सांगणार का?”